बारीक तारेची खरखर

द्वारका, पाहुणे गेले एकदाचे. आपली रेखा तेवढी राहिली आहे, तीही रविवारी पुण्याला परतेल. तेरावा नीट पार पडला. बुंदी पुरली, तुझ्या चकलांब्याच्या भावांचा मान राखला गेला, आणि तुझ्या मावळणीने रडता रडता वरणात मीठ कमी असल्याचंही ऐकवलं. तू असतीस तर पदराआड तोंड करून हसली असतीस. मी एकटाच हसलो, आणि लोकांना वाटलं की म्हातारा खचला.

सगळं आवरल्यावर आज सकाळी मी व्हायोलिनची पेटी खाली काढली. तू दवाखान्यात गेलीस तेव्हापासून ती कपाटावर पडून होती. धूळ पुसली, गज ताणला, त्याला राळ घासली आणि सवयीने सगळ्यात आधी बारीक तार ओढली. ओढली आणि थांबलो. इतकी वर्षं इथं थांबायचंच असतं, कारण स्वयंपाकघरातून तुझा निकाल यायचा असतो. "अवो, खरखर करायलीय तार." किंवा मग काहीच नाही, म्हणजे पास. आज आतून काहीच आलं नाही. पण ते 'पास'वालं काहीच नाही नव्हतं, एवढं मला कळलं.

तुला माहीत आहे तरी लिहितो, माझे कान गेलेत. पूर्ण नाही गेले. माणसं बोललेली कळतात, बस आलेली कळते, शाळेची घंटा अजून इथपर्यंत ऐकू येते. पण बारीक आवाज निघून गेले. कधी गेले ते सांगताही येत नाही, कारण जाताना ते आवाज करत नाहीत. रेखाच्या मोबाईलची टिवटिव मला येत नाही. व्हायोलिनच्या तारेला जी नको असलेली खरखर लागते, सुराच्या अंगाला कुसळ लागावं तशी, ती तर मुळीच येत नाही. ती तुला यायची. माझं व्हायोलिन माझ्या हातात आणि तुझ्या कानात, अशी आपली वाटणी होती.

आता अडचण अशी झाली आहे की परवा बप्पा येऊन गेला. आपल्या भजनी मंडळाचा हार्मोनियमवाला बप्पा. मी वाजवायला बसलो की डाव्या हाताला तोच. दारातच चपला काढून उभा राहिला, आत येईना. म्हणाला, "गुरुजी, एकादशीला वैनींच्या नावानं भजन ठिवलंय मंदिरात. तुमी याल न्हवं? तुमच्या व्हायोलिनबिगर कसं हुईल?" मी हो म्हणून बसलो. तो गेल्यावर मनात आलं, तुझ्या नावाच्या भजनात माझीच तार खरखरली तर? सगळं गाव ऐकेल, मी सोडून. आणि ज्या एका माणसाने ते मला तोंडावर सांगितलं असतं, तिच्याच नावाचं ते भजन.

तुझे कान मला लग्नाआधीच कळायला हवे होते. आपल्या दोन्ही घरांत मेंढरं, आणि वाद्य म्हणजे ढोल. मी डी.एड.ला बीडला असताना खोलीशेजारच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून व्हायोलिन शिकून आलो, तर आमच्या घरी सुतकासारखं वातावरण झालं. लग्न ठरवताना माझ्या थोरल्या चुलत्याने तुझ्या वडलांना आधीच सांगून टाकलं होतं, "पोरगं चांगलं हाय, मास्तर हाय, पर एक पेटी घिऊन बसतंय." तुझे वडील म्हणाले, "दारू तर पीत न्हाई ना? मग बसू द्या." मी पहिल्यांदा सासरवाडीला आलो तेव्हा तू अंगणात भाकरी थापत होतीस, मेंढरांच्या वाड्याकडे पाठ करून. मधेच थापणं थांबवून भावाला म्हणालीस, "त्या काळ्या मेंढीला बघ, ती खोकायलीय." तिकडे एवढा कालवा, बें बें चाललेली, आणि तुला एक खोकला वेगळा ऐकू आला. मला वाटलं, मला दाखवायला मुद्दाम करते आहेस. सायंकाळी काळ्या मेंढीला खरंच औषध पाजावं लागलं.

तरी मी मास्तर. लग्नानंतरची पहिली खरखर आठवते? खरखर नव्हती ती, एका सुरावर गेलो की कुठंतरी टिण्ण व्हायचं. मी तार बदलली. घोडी, म्हणजे ज्या लाकडी पुलावर तारा टेकतात तो, पुढं सरकवली, मागं सरकवली. खुंट्यांना खडू लावला. तासाभराने तू पिठाच्या हाताने बाहेर आलीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस, सरळ भिंतीवरच्या मांडणीवर तळवा ठेवलास आणि म्हणालीस, "आता वाजवा." मी वाजवलं. टिण्ण गेलं. "ताटं वाजायलेत," तू म्हणालीस, "तुमच्या पेटीचा काय दोष न्हाई." मग दोन ताटांच्या मधे फडकं घालून तू आत गेलीस. मी इतका चिडलो होतो की दोन दिवस वाजवलंच नाही. तू विचारलंसही नाही, कावून वाजवत नाही म्हणून. आरामात ज्वारी निवडत बसलीस.

म्हणजे पहिल्या दिवसापासून तू वाद्याची बाजू घेत आलीस असं नाही. तू खऱ्याची बाजू घ्यायचीस, मग ते ताटात सापडो की तारेत.

पण एकदा तूही फसलीस, ते मी विसरलेलो नाही आणि तुला विसरूही देत नव्हतो. खंडेनवमीला तू घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडायचीस. विळी, कोयता, शिवणयंत्र, माझी सायकल, आणि त्या रांगेत झेंडूचं फूल वाहिलेलं व्हायोलिन. अक्षता टाकताना तुझा हात सैल. ओल्या हळदीतले तांदूळ टाकलेस ते व्हायोलिनच्या अंगावर जी दोन वाकडी भोकं असतात त्यातून आत. आत जाऊन चिकटले, वाळले, अर्धवट सुटले. दसऱ्याच्या दिवशी सोनं वाटून आलो आणि वाजवायला बसलो, तर आत मुंगळा कोंडल्यासारखा आवाज. सगळ्या सुरांना नाही, नेमक्या दोनतीनच सुरांना.

तेव्हा तू जी पद्धत काढलीस तीच आपण पुढे कायम वापरली. मी तोच सूर लांबवत राहायचं, आणि तू एकेका ठिकाणी बोट दाबून बघायचं. खुंटी दाबली, आवाज आहे. तारा जिथं बांधतात ती काळी पट्टी दाबली, आहे. तिचा बारका स्क्रू दाबला, आहे. कड दाबली, आहे. जिथं दाबल्यावर आवाज बंद, तिथं दुखणं. तुझ्या बोटाला तव्याचा चटका बसलेला होता, तरी तू सगळीकडे दाबत गेलीस. शेवटी पाठीवर दाबलंस आणि आवाज मेला. मी व्हायोलिन उपडं धरलं, तू खालून टिचक्या मारल्यास, आणि तुझ्या मांडीवर पिवळे तांदूळ आणि झेंडूची एक पाकळी पडली. मी म्हणालो, "सापडला मुंगळा." तर लगेच उसळून म्हणालीस, "देवाच्या अक्षता हायत्या, मुंगळा म्हणू नका."

पुढच्या वर्षी मी म्हणालो, पूजा करायची तर भोकांवर फडकं टाकून कर. तू म्हणालीस, अक्षता काय फडक्याला वाहायच्या? मी म्हणालो, मग पेटी बंद ठेवून पेटीची पूजा कर. तशी करायला लागलीस, पण मनापासून कधीच नाही. दर खंडेनवमीला तोंडातल्या तोंडात पुटपुटायचीस, "पेटीची पूजा झाली, आतल्याची कुठं झाली?" आणि दर वर्षी मी म्हणायचो, "आतल्याला पोचते." "कशी काय पोचते?" "जशी देवाला पोचते." यावर तू काहीतरी उत्तर तयार करत होतीस, मला चेहऱ्यावरून दिसायचं. यंदाही दिसलं. ते उत्तर राहिलं, द्वारका. आता येत्या खंडेनवमीला मी काय करू ते सांगून गेली नाहीस.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. आपल्याकडचं ऊन लाकडाला सोसत नाही. चैत्र सरता सरता खालच्या अंगाचा सांधा उकलायचा, केसाएवढी फट पडायची आणि व्हायोलिन घसा बसल्यासारखं बोलायचं. तू बोटाच्या पेराने कडेकडेने ठोकत जायचीस. ठकठक, ठकठक, आणि मधेच भद. "इथं भद वाजतंय, इथं भरा." मी सुताराकडून आणलेला सरस उकळायचो, पातळ करून फटीत सोडायचो, आणि मग तुझ्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी आपण दोघं व्हायोलिन आवळून बांधायचो. तू गाठ मारायचीस, मी बोट धरायचो. तेवढी एक वेळ अशी होती की आपण दोघं एकाच गोष्टीला हात लावून काही न बोलता बसलेले असायचो. सरसाचा वास तुला सहन व्हायचा नाही, नाकाला पदर लावायचीस, पण उठायची नाहीस. मला तेव्हा वाटायचं, सांधा दर वर्षी उकलावा. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "लई झालं, धरा बोट."

आणि मग ही शेवटची खरखर. बारीक तारेची. माझी सेवानिवृत्ती होऊन बरीच वर्षं झाली होती, कानही तोवर उतरले होते. एके दिवशी तू म्हणालीस, तार खरखर करतेय. मी म्हणालो, मला तर येत नाही. तू म्हणालीस, तुम्हाला येणारच नाही. तिथून जे सुरू झालं ते तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत संपलं नाही. मी तार बदलली. वरच्या पट्टीची खाच फार खोल झाली असेल म्हणून पेन्सिलीची पूड भरून पाहिली. घोडीचा माथा कानसला. सगळे स्क्रू आवळले. तुझी बोट दाबायची पद्धत पुन्हा केली, तू सगळीकडे दाबून झालीस आणि म्हणालीस, "न्हाई सापडत." तुझ्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. तू आणखी काही बोलणार होतीस, पण मी त्या वेळी तुझ्याकडे नाही, तारेकडे बघत होतो.

पुण्याला रेखाकडे गेलो तेव्हा तू हट्टाने मला एका दुरुस्तीवाल्याकडे नेलंस. त्याने व्हायोलिन उलटंपालटं पाहिलं, खांद्यावर घेतलं आणि स्वतः वाजवलं. मी तुझ्याकडे बघत होतो. तू डोळे मिटून ऐकलंस, आणि तुझा चेहरा उतरला. तो म्हणाला, "काहीच दोष नाही, काका. उत्तम स्थितीत आहे." मला आनंद झाला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, बघ, तुझ्या कानांतच खरखर आहे. एरवी तू मला सोडलं नसतंस. त्या दिवशी फक्त "असंल" म्हणालीस आणि बसमध्ये घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलीस. मला वाटलं हरल्याचा राग आला असेल.

त्याच दिवाळीला तू रेखाकडून कानाचं मशीन मागवून घेतलंस. तुझ्या भरीला पडून मी ते एक दिवस लावलं. काय सांगू, कानात गिरणी चालू झाली. पेपरचं पान उलटलं तर पत्रा कापल्यासारखं, नळ सोडला तर धबधबा, तुझ्या बांगड्या तर अशा की तू दुसऱ्या खोलीत भाजी चिरत असतानाही माझ्या कानात किणकिण. व्हायोलिन वाजवलं तर चारही तारा खरखरल्या. मी मशीन काढून डबीत टाकलं आणि म्हणालो, "तू आहेस तोवर मला मशीन कशाला?" मला वाटलं गोड बोललो. तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं थांबवून म्हणालीस, "मी काय जन्माला पुरंन का तुमाला?"

मी डबी उचलून फळीवर मागं सारली.

दवाखान्यात शेवटी शेवटी तू फार बोलत नव्हतीस. रेखाला शेंगदाण्याच्या लाडवांचं काहीतरी सांगितलंस, भावाला जमिनीच्या बांधावरून भांडू नको म्हणालीस. माझ्याकडे बघून विचारलंस, "बारीक तार बदलली का?" मी म्हणालो, "बदलली." तू म्हणालीस, "बरं झालं." नवऱ्याबायकोने एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बोलायची ही काय शेवटची गोष्ट झाली? लोकांच्या बायका जाताना काय काय सांगतात म्हणे. तू तारेचं विचारलंस. मला तेव्हा जरा रागच आला होता, खरं सांगतो.

तर आज सकाळी हे सगळं असं. तार ओढून थांबलेला मी, आणि आत कुणी नाही. मी रेखाला हाक मारली. ती तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. म्हणालो, ऐक आणि सांग, खरखर आहे का? मी वाजवलं. पहिलाच सूर लांबवला आणि तिने तोंडावर हात धरला. मग म्हणाली, "छान आहे बाबा, खूप छान." डोळ्यांत पाणी. तिला त्या वेळी मी करवत ओढली असती तरी तिने छानच म्हटलं असतं. मशीन शोधून लावलं. पुन्हा तेच. मशीन काढलं की काहीच खरखरत नाही, लावलं की घरदार खरखरतं. खरं काय ते या दोन्हींच्या मधे कुठंतरी, आणि तिथं जायला मला आता रस्ता नाही. मी पलंगावर बसून राहिलो. तू गेल्याचं दुःख त्या दिवशी स्मशानात झालं नाही इतकं आज झालं. तिथं माणसं होती.

दुपारी ऊन उतरल्यावर पेटी काखेत मारून मी बप्पाच्या घरी गेलो. बप्पा ओट्यावर बाज विणत बसला होता. मला पेटीसकट बघून त्याने दोरी खाली ठेवली. म्हणालो, "बप्पा, मी वाजवतो. तू ऐक. खरखर आहे की नाही तेवढं सांग."

"त्यात काय ऐकायचं, गुरुजी. छान हाय की."

"अजून वाजवलंही नाही बे मी."

तो ओशाळला. मी वाजवलं. ओट्यावर मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवून, बारीक तारेवर जेवढा लांब सूर निघतो तेवढा काढला. बप्पा खाली मान घालून बाजेच्या दोरीकडे बघत होता. मी थांबलो तरी वर बघेना.

"सांग की."

"कशाला ह्या गोष्टी आता, गुरुजी. वैनी गेल्या, तुमी वाजवा बिनघोर."

"बप्पा, ती असती तर मी तुझ्याकडे आलो असतो का? आता मला सांगणारं कुणी राहिलं नाही. एकादशीला तिच्या नावाने बसायचंय. सांग."

बप्पाने बराच वेळ दोरीला पीळ दिला. मग म्हणाला, "वैनींनी आण घातलीया आमाला."

"कसली आण?"

"दोन वर्सं झाली. तुमी मंदिरातून म्होरं गेलता, त्या मागं थांबल्या. समद्या मंडळाला म्हणल्या, त्यास्नी कुणी काय बोलायचं न्हाई. काय असंल ते मी घरी सांगीन." आता त्याने वर बघितलं. "गुरुजी, खरखर तारंची न्हाई. तारंला काय झालं न्हाई तुमच्या. गज दाबून वढायलाव तुमी. ऐकू येत न्हाई म्हणून जोर लावताव, आन् जोर लावला की तार वरडती. मी म्हणलो बी वैनींला, सरळ सांगा की गुरुजींना, हात जड झालाय म्हणून. तर म्हणल्या, 'हाताला नाव ठिवू नका, बप्पा. तारंला ठिवा. तार बदलता येती.'"

द्वारका, माझा हात गजावर तसाच होता.

मग एकेक आठवायला लागलं. शेजारच्या म्हातारीला बरं नाही, जरा हलक्या हाताने वाजवा. ती म्हातारी ठणठणीत होती, ती तुझ्या तेराव्यालाही येऊन जेवून गेली. माझं डोकं दुखतंय, हळू वाजवा. गजाला राळ लई लागलीय, पुसून घ्या. आज नुसतं बोटानं छेडून वाजवा, मला तसं आवडतं. तुला तसं कधीच आवडत नव्हतं. कितीतरी संध्याकाळी तू मला हलका करायला बघत होतीस आणि मी खुंट्या पिळत बसलो होतो. आणि तू प्रत्येक वेळी माझ्याबरोबर बसून त्या निर्दोष लाकडावर बोटं दाबत राहिलीस. सगळं माहीत असून. सांधा चांगला असताना ठोकून बघितलास. तार चांगली असताना बदलायला लावलीस.

राग आला. खोटं बोलत नाही, आधी रागच आला. आयुष्यभर जी बाई ताटाला ताट आणि तारेला तार म्हणत आली, तिने माझ्याबाबतीतच लपवलं, आणि वर सगळ्यांची तोंडं बांधून निघून गेली. मग वाटलं, मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? मी व्हायोलिन कपाटावर ठेवून दिलं असतं. नक्की ठेवलं असतं. दोन दिवस नाही, कायमचं. तुला ते पक्कं माहीत होतं. ताटांच्या वेळेपासून माहीत होतं.

बप्पा म्हणाला, "चुकलं माझं. आण मोडली."

मी म्हणालो, "मोडली नाहीस. ती तिच्यापाशी होती, तिच्याबरोबर गेली. आता तू बस इथं आणि सांग मला."

गज सैल केला, पेच अर्धा फिरवून. बारीक तारेवर ठेवला. ओढला.

"जड हाय."

पुन्हा.

"अजून."

मनगट ढिलं सोडलं. कोपर खाली पाडलं. बोटांवर नुसतं गजाचं वजन ठेवलं. मला सूर आला, लांबून आल्यासारखा. बप्पा म्हणाला, "बरं हाय, पर अजून हाय जरा." आणखी सोडलं. आता सूर येईना. जिथं मला ऐकू येणं थांबलं, तिथून माझा हात आपोआप दाबायला धावत होता, आणि मी त्याला मागं ओढत होतो. अंधारात पायरी चाचपावी तसं चाललं होतं. बप्पाने हातातली दोरी सोडून दिली होती. त्याची सूनबाई चहा घेऊन आली, तिला त्याने हातानेच दारात थांबवलं.

"आत्ता," बप्पा म्हणाला. "आत्ता गुरुजी. आसंच. सोडू नका."

मला काही ऐकू येत नव्हतं. बरगडीच्या हाडाला बारीकशी थरथर लागत होती, तेवढंच. गज पुढं जात होता, मागं येत होता, बप्पाने डोळे मिटले होते आणि ती पोरगी हातात कप धरून दारात तशीच उभी होती. एकादशीला असंच वाजवावं लागणार. तुझ्या नावाचं भजन सगळे ऐकतील. मला ते येणार नाही.

मी वाजवत राहिलो.